बॅटशेजारचा बॉल

इंग्लंडमध्ये बेसिंगस्टोकला एका कम्युनिटी हॉलमध्ये अधूनमधून कार्डांचा बाजार भरतो. खेळाडूंचे फोटो छापलेली, पत्त्याच्या पानाएवढी कार्डं. जगात पुष्कळ माणसं ती जमवतात आणि त्यातली एक मी आहे. बहुतेक टेबलांवर फुटबॉलची कार्डं असतात, उरलेल्यांवर कार्टूनमधल्या प्राण्यांची, आणि एखाद्या टेबलाखाली बुटाच्या खोक्यात बेसबॉलची. मी त्या खोक्यासाठी जाते. मागच्या खेपेला माझी गाडी बिघडली होती म्हणून नवरा बरोबर आला. मी खोक्यावर वाकून एकेक कार्ड बघत होते आणि टेबलामागचा माणूस माझ्या डोक्यावरून नवऱ्याला विचारत होता, "सो व्हॉट आर यू आफ्टर, मेट? एनी पर्टिक्युलर टीम?"

नवऱ्याला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. तो दोन्ही हात खिशात घालून म्हणाला, "आय ॲम जस्ट द ड्रायव्हर, आस्क द बॉस." दोघं हसले. मग तो माणूस माझ्याकडे वळला आणि लहान मुलाशी बोलावं तसं सावकाश म्हणाला, "इज इट अ प्रेझेंट फॉर समवन?"

मी खोकं बंद करून बाहेर आले. त्यात मला हवं असलेलं एक कार्ड होतं. मी ते घेतलं नाही याचा मला राग आहे आणि तो प्रश्न विचारला गेला याचाही. गाडीत नवरा म्हणाला, "एवढं काय झालं? गंमत केली मी." त्याची गंमत नेहमी माझ्या खर्चानं का होते, हे मी विचारलं, तर त्यानं रेडिओ लावला.

इथल्या मराठी मंडळातल्या बायकांचंही तेच. आमच्याकडे कोणी आलं आणि फडताळात कार्डांचे अल्बम दिसले, की त्या विचारतात, "मुलाचा छंद का?" मला मुलगा नाही, मुलगी आहे, आणि तिला कार्डांचा कंटाळा आहे. "मग मिस्टरांचा असेल!" मिस्टरांचाही नाही म्हटलं की त्या माझ्याकडे अशा बघतात, जणू मी चोरून दाढी करते. पन्नाशीला टेकलेल्या बाईनं विणकाम करावं, रांगोळीचे क्लास घ्यावेत, फार तर ट्रेकिंग करावं. चेहऱ्यावर लोखंडी जाळी घातलेल्या घामट पुरुषांची चित्रं प्लास्टिकच्या पाकिटांत घालून ठेवू नयेत.

जाळी घातलेले म्हणजे कॅचर. मी फक्त कॅचरची कार्डं जमवते. क्रिकेटच्या विकेटकीपरसारखा तो फलंदाजाच्या मागे बसतो, पण तीन तास उकिडवा, आणि मैदानावर इतर सगळे आत तोंड करून असताना हा एकटा बाहेर तोंड करून. कोणता चेंडू टाकायचा हे बहुतेक वेळा तोच ठरवतो आणि वाहवा होते ती टाकणाऱ्याची. पोराटोरांना कॅचरची कार्डं नको असतात. मला नेमकी तीच हवीशी वाटली.

हे वेड लागलं ते नोकरीपायी. मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. पुण्याहून रीडिंगला आले तेव्हा पहिला क्लायंट अमेरिकन होता. प्रत्येक कॉलची सुरुवात कालच्या मॅचपासून व्हायची आणि मी मुकाट बसून राहायचे. आपल्यालाही दोन वाक्यं बोलता यावीत म्हणून मी मॅचेस बघायला लागले. प्रोजेक्ट संपलं, क्लायंट गेला, खेळ राहिला. तिकडच्या मॅचेस आपल्याकडच्या झोपेच्या वेळी होतात, म्हणून मी त्या सकाळी चहा पिताना रेकॉर्डिंगवर बघते. निकाल कळू नये म्हणून फोन पालथा घालून ठेवते. एवढ्यात कोणीतरी येऊन विचारतंच, "माझे मोजे कुठे आहेत?"

इंग्रज सहकाऱ्यांना सांगितलं, तर ते हसून म्हणतात, "ओह, राउंडर्स! आमच्या शाळेत मुली खेळायच्या." नवऱ्याचे मित्र म्हणतात, "वहिनी, हा तर आपला विटीदांडू!" हे ते दर वेळी म्हणतात आणि दर वेळी नव्यानं सुचल्यासारखे हसतात. ह्याच मित्रांबरोबर नवरा दर शनिवारी क्लब क्रिकेट खेळतो. एप्रिल ते सप्टेंबर आमच्या घराचं सगळं वेळापत्रक त्याभोवती फिरतं. मैदानावरच्या चहाची पाळी आली की काकडीची सँडविचेस मी करते. त्याच्या पांढऱ्या पँटवरचे गवताचे डाग मी काढते. त्याच्या क्रिकेटला आमच्या घरात कोणी छंद म्हणत नाही. त्याला क्रिकेट म्हणतात.

आता त्या बॉलबद्दल.

काही वर्षांपूर्वी अमेरिकेतले दोन संघ लंडनला खेळायला आले होते. मी एकटीच गेले. सरावाच्या वेळी कठड्यापाशी ही गर्दी, सगळ्यांना मोठ्या खेळाडूंच्या सह्या हव्या होत्या. माझ्या बाजूनं एक राखीव कॅचर चालला होता, ज्याला त्या दिवशी खेळवणारही नव्हते. त्याला कोणी हाक मारत नव्हतं. मी मारली. त्याच्या नावानं, आडनावासकट. तो थबकला. मी बॉल आणि निळं बॉलपेन पुढे केलं. बेसबॉलवर सही घ्यायची ती बॉलपेननंच, मार्करची शाई कातड्यात फुटते. पेन बघून तो म्हणाला, "यू नो व्हॉट यू आर डूइंग." मग विचारलं, "हू इज इट फॉर? युअर सन?"

"मी," मी म्हणाले. "फॉर मी."

त्यानं माझं नाव विचारलं. स्पेलिंग एकेक अक्षर सांगायला लावलं. लाल शिवणीच्या दोन ओळी जिथे सगळ्यात जवळ येतात त्या जागेवर त्यानं सही केली आणि तिच्या वर माझं नाव घातलं. घाई न करता, गोल अक्षरात. मला रडू फुटेल की काय असं झालं होतं. एवढ्या वर्षांत ह्या देशात माझं नाव व्हिसावर, बिलांवर आणि दवाखान्याच्या पत्रांवर आलं होतं. कोणी ते हौसेनं लिहिलं असं ते पहिल्यांदा झालं.

बॉल मी पारदर्शक चौकोनी डबीत घालून दिवाणखान्यातल्या फडताळात ठेवला, नवऱ्यानं क्लब क्रिकेटमध्ये जिंकलेल्या कपांखाली. वरचा खण मागितला नाही. उन्हानं शाई उडते म्हणून पडद्याच्या आडोशाची जागा निवडली. नवऱ्याला घरी आल्याबरोबर दाखवला होता. तो म्हणाला, "अरे वा," आणि विचारलं की येताना ट्रेन वेळेवर होती का.

गेल्या वर्षी सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या. आमचं बरं आहे. त्या कजाग नाहीत, कटकट्या नाहीत. बँकेतून निवृत्त झालेल्या, इंग्रजी पेपर वाचणाऱ्या, एकट्या बसनं टाउन सेंटरला जाऊन भाजी आणणाऱ्या. फक्त त्यांच्या हातांना रिकामं राहवत नाही. त्या आल्यावर आमच्या टाइल्सच्या फटी पांढऱ्या झाल्या, किटलीच्या आतला पापुद्रा गेला, आणि माझ्या सगळ्या डब्यांच्या जागा बदलल्या. मी दोन महिने जिरं शोधत होते, पण बोलले नाही.

दसरा आला तो आठवड्याच्या मधल्या वारी. मी ऑफिसला गेले, लेक शाळेला. नवरा त्या दिवशी घरून काम करत होता. संध्याकाळी सहा वाजता सगळ्यांनी मिळून आरती करायची असं ठरलं होतं. सासूबाईंनी पूजेचं सगळं मनावर घेतलं होतं. लंडनच्या साउथहॉलहून झेंडूची फुलं मागवली होती. आपट्याची पानं मिळेनात, तेव्हा शेजारच्या इंग्रज म्हाताऱ्याच्या कुंपणावरची गोलसर पानं त्यांनी त्याला विचारून आणली होती. त्यानं कशासाठी हे विचारलं नाही, हे त्यांना फार आवडलं.

मी घरात शिरले तर उदबत्तीचा वास, आणि डायनिंग टेबलावर लाल कापड. दसऱ्याला ज्यानं त्यानं आपलं हत्यार पूजेला मांडायचं, त्याप्रमाणे त्यांनी प्रत्येकाचं मांडलं होतं. लेकीची हॉकी स्टिक आणि कॅल्क्युलेटर. मधे सरस्वतीची आकृती काढलेली पाटी. डाव्या अंगाला नवऱ्याचा लॅपटॉप, गाडीची किल्ली, क्रिकेटची बॅट. उजव्या अंगाला मिक्सर, सुरी आणि पोळपाट-लाटणं. ते माझं. माझा लॅपटॉप माझ्या खांद्यावरच्या बॅगेत होता, दिवसभर मी त्यावरच पोट भरत होते. पण ते मला तेव्हा सुचलं नाही, कारण मला बॉल दिसला.

तो बॅटच्या शेजारी होता. डबीतून काढलेला, पांढराशुभ्र. वर हळदीकुंकवाची ओली बोटं, त्यावर अक्षता, त्यावर एक झेंडू.

मी तो उचलला. फूल खाली पडलं. फिरवून बघितला. शिवणीच्या मधल्या जागेवर एक फिकट निळसर ढग होता. सही नव्हती. नाव नव्हतं.

"अहो आई, हा बॉल..."

"बघ की!" त्या हात पुसत स्वयंपाकघरातून आल्या. चेहऱ्यावर खरंच आनंद होता. "ह्याची बॅट मांडली आणि म्हटलं, बॉल हवा बरोबर. कुणीतरी पेनानं गिरगटलं होतं त्यावर. पूजेला मळकी वस्तू कशी ठेवायची? तुमच्याकडे करोनातल्या सॅनिटायझरच्या बाटल्या पडल्यात ना, त्यानं शाई छान जाते. ह्याच्या शाळेच्या शर्टांचे डाग मी स्पिरिटनंच काढायची. थोडं राहिलं आहे, घासून घासून बोटं दुखली."

मला ऐकू येत होतं, पण कळत नव्हतं. नवरा जिन्यावरून उतरत आला. त्यानं माझ्या हातातला बॉल बघितला, माझं तोंड बघितलं, आणि त्याला अर्धवट उमगलं.

"अगं," तो हळू आवाजात म्हणाला, "आता असू दे ना. तिनं श्रद्धेनं केलंय. सणाचा दिवस आहे."

हे वाक्य मी लग्न झाल्यापासून ऐकते आहे. सणाचा दिवस आहे, पाहुणे आहेत, ती मोठी आहे, ती थोड्या दिवसांसाठी आली आहे. माझ्या रागाला मुहूर्तच सापडत नाही. आणि श्रद्धा म्हणे. श्रद्धेनं माझी वस्तू घासली तर ती घासली जात नाही का?

"दुसरा मागवू आपण," तो पुढे म्हणाला. "ऑनलाइन मिळतात सहीवाले. सर्टिफिकेटसकट. मी मागवतो, प्रॉमिस."

"कुणाची सही?" मी म्हणाले.

"अं?"

"ह्यावर कुणाची सही होती? कोणाची मागवणार आहेस?"

त्यानं फडताळाकडे नजर टाकली. टेबलाच्या कडेला आपल्या हॉकी स्टिकपाशी लेक उभी होती, ती म्हणाली, "बाबा, यू सीरियसली डोन्ट नो?" मग माझ्याकडे बघून, "आई, तो कॅचर ना? जो खेळलाच नाही त्या दिवशी?" तिला माहीत होतं. कंटाळा असूनही तिनं कधीतरी ऐकलं होतं.

"तो अमेरिकन कोणीतरी," नवरा म्हणाला. "अगं, नावं कशी लक्षात राहणार सगळी?"

"सही सोड. त्यावर अजून काय लिहिलं होतं? दिवाणखान्यात आहे तो इतकी वर्षं. तुझ्या कपांच्या खाली. तू सोफ्यावर बसतोस तिथून समोर दिसतो. काय लिहिलं होतं?"

माझा आवाज चढला होता. सासूबाईंसमोर मी आवाज चढवलेला नव्हता कधी. तो चढला तेव्हा मला बरं वाटलं, हे मी लपवत नाही.

"माझं नाव होतं," मी म्हणाले. "माझं नाव लिहिलं होतं त्यानं. मी उभी राहून लिहून घेतलं होतं."

मला वाटलं, आता सासूबाई हात तोंडावर नेतील. अगं बाई, मला काय ठाऊक, म्हणतील. तसं म्हटलं असतं तर बहुतेक मी विरघळले असते. मला तेवढं पुरतं.

"ते वाचलं की मी," त्या म्हणाल्या. "तुझंच नाव होतं. म्हणून तर पुसलं. मला वाटलं, ह्याच्या बॉलवर हिचं नाव कुणी लिहून ठेवलं?"

उदबत्तीची राख कापडावर पडली, ती त्यांनी बोटानं टिपून घेतली.

म्हणजे डाग समजून नाही. घाण समजून नाही. सरळ वाचलं, कोणाचं नाव आहे ते ओळखलं, आणि चुकीच्या जागी आहे म्हणून काढून टाकलं. त्या लबाड नाहीत. त्यांच्या मनात माझ्याबद्दल काही वाकडं नाही. घरात बॉल असेल तर तो पुरुषाचा, ह्यात त्यांना शंका येण्यासारखं काही दिसलंच नाही. खोटं बोलणाऱ्या माणसावर रागावणं सोपं असतं. इतक्या सरळ माणसावर रागवायचं कसं, ते मला कोणी शिकवलेलं नाही, म्हणून मी जसं आलं तसं रागावले.

"तो माझा आहे," मी म्हणाले. "बॉल माझा, कार्डं माझी. तिकीट काढून मी गेले होते. ह्या घरात बेसबॉल मी बघते, दुसरं कोणी बघत नाही. तुम्हाला येऊन चार महिने झाले आई, रोज सकाळी मी तुमच्यासमोर बघते."

"मला वाटलं ह्याच्यासाठी लावून ठेवतेस," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. मग, चूक सुधारायची म्हणून, त्यांनी माझ्या हातातून बॉल हलकेच घेतला, पडलेला झेंडू परत त्यावर ठेवला आणि तो उजव्या अंगाला नेला. मिक्सरच्या शेजारी. "हं. आता तुझ्यात ठेवला. झालं?"

नवऱ्यानं सुटकेचा श्वास सोडला. त्याच्या दृष्टीनं प्रश्न मिटला होता.

मी त्या टेबलाकडे बघत राहिले. मिक्सर, सुरी, पोळपाट, लाटणं आणि बॉल. मग मी विचारलं, आणि मला तेव्हा खरंच जाणून घ्यायचं होतं, "आई, तुम्ही बँकेत नोकरी केलीत. सगळी हयात. दसऱ्याला तुमचं काय असायचं पूजेत?"

"माझं?" त्यांनी आठवून बघितलं. "ह्यांची स्कूटर असायची दारात, हार घालून. ह्याची पुस्तकं. माझी विळी."

"बँकेतलं काहीच नाही?"

"बँकेतलं काय ठेवणार? पेन होतं, ते ह्यांच्या टेबलावर असायचं." निरांजनातली वात सारखी करत त्या म्हणाल्या, "पूजा मीच करायची सगळी."

ह्यावर मला गहिवरून यायला हवं होतं. बाईला बाईचं दुःख कळलं, दोघींचे डोळे भरून आले, असं काहीतरी. तसं झालं नाही. मला आणखी संताप आला. त्यांच्यावर, की इतक्या वर्षांत विळीला हळदकुंकू लावताना एकदाही हात अडखळला नाही. मामंजींवर, जे आता नाहीत. नवऱ्यावर, जो त्या घरात वाढला आणि ज्याला हे ऐकतानाही आपल्याबद्दल चाललं आहे असं वाटत नव्हतं. आणि माझ्यावर, की कप वरच्या खणात आणि बॉल खालच्या खणात, हे मांडणारी मीच होते.

मी बॅगेतून लॅपटॉप काढला आणि बॉलच्या बाजूला ठेवला. जागा पुरेना. म्हणून मिक्सर उचलला. भांड्यासकट जड होता, हळद ओली होती, ती माझ्या ऑफिसच्या शर्टाला लागली. मिक्सर मी डाव्या अंगाला, नवऱ्याच्या बॅटशेजारी नेऊन ठेवला. मग परत येऊन पोळपाट नेला, लाटणं नेलं. सुरी लेकीनं उचलून माझ्या मागोमाग आणली, मी सांगितलं नव्हतं.

"हे काय?" नवरा म्हणाला.

"तुझं," मी म्हणाले.

सासूबाई बघत होत्या. त्यांनी काड्यापेटी उचलली. पहिली काडी ओढता येईना, दुसरी पेटली. निरांजन लावून त्यांनी तबक हातात घेतलं, आणि मी आरतीला सुरुवात केली, सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं.